रिकामी वाजवायची नाही

पितळेच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला घरी गेल्यावर आधी पदर झटकावा लागतो. कितीही जपलं तरी कीस चिकटतोच. एखादा कण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तळहाताला टोचतो, तेव्हा कळतं की हा आपल्यासोबत घरी आला होता.

किस्से असेच चिकटतात. आपण काही गोळा करायला जात नाही. गेल्या वर्षभरात त्या सिगार कापायच्या यंत्रापायी माझ्या पदराला इतके चिकटले आहेत की आता झटकल्याशिवाय चैन पडायचं नाही. आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे. मी रागावले की कोणाला कळत नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. म्हणून लिहून सांगते आहे.

आमचा कारखाना भंडाऱ्यात. समया, घंटा, कड्या-कोयंडे असा माल निघतो. मालक मनोहरभाऊ. आम्ही सहा बायका फिटिंग आणि चेकिंगला. सहाही जणी आधी बिड्या वळायच्या. बोटांना बारीक कामाची सवय म्हणून भाऊंनी आम्हाला घेतलं. आमच्यात सगळ्यात मोठ्या वच्छलाबाई. त्या बोलतात कमी, पण बोलल्या की भाऊसुद्धा मशीन बंद करून ऐकतात.

*

दिवाळीनंतर एका सकाळी मनोहरभाऊंनी सगळ्यांना गोळा केलं आणि मोठी ऑर्डर आल्याचं सांगितलं. मुंबईची एक कंपनी बड्या लोकांसाठी भेटवस्तू विकते. त्यांना खिशात मावेल असं पितळी यंत्र हवं होतं. कशासाठी? सिगारचं टोक कापण्यासाठी. आधी नमुना पसंत पडला पाहिजे. पडला तर वर्षभराचं काम, नाही तर काहीच नाही.

आमच्यापैकी कोणीच सिगार पाहिलेली नव्हती. भाऊंनी मोबाईलवर फोटो दाखवला. चॉकलेटी रंगाची, अंगठ्याएवढी जाड, आणि तोंड पानानं बंद केलेलं. ते तोंड कापल्याशिवाय म्हणे ओढता येत नाही.

वच्छलाबाईंनी फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, "बनवणारा आधीच कापून काहून नाही देत?"

भाऊ म्हणाले, तशीच पद्धत असते.

"आमी असा माल नेला असता ना जी, तर तपासणाऱ्यानं तोंडावर फेकला असता. अर्धी बिडी बनवाची, अन् बाकीची ओढणाऱ्यानं बनवाची? वरून त्याले पितळेचं यंत्र पाहिजे!"

मलाही तेच वाटलं होतं. बिडी वळण्याच्या काळात एक पान वाकडं कापलं गेलं तरी आम्हाला ऐकून घ्यावं लागायचं. इथे अपुऱ्या मालाचा थाटच वेगळा होता!

*

यंत्राचं डिझाइन करायला पुण्याहून समीर सर आले. तिशीतला मुलगा, वागायला चांगला. मी उगीच कोणाला वाईट म्हणणार नाही. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मोबाईलवर बायकोचा फोटो होता, तो त्यांनी आम्हाला कौतुकानं दाखवला. वच्छलाबाई म्हणाल्या, गुणाची दिसते.

सरांनी पहिल्याच दिवशी टेप काढली आणि सगळ्यांच्या खिशाची मापं घ्यायला सुरुवात केली. आमच्यापाशी आले आणि थांबले. लुगड्याला खिसा कुठला! "तुमचं राहू द्या," म्हणून ते पुढे गेले. मला म्हणायचं होतं की आम्हीही कमरेला बटवा बाळगतो, त्यात बारकी हत्यारं असतात, ती कमरेत रुतू नयेत म्हणून कशी ठेवायची ते आम्हाला ठाऊक आहे. पण पुढे गेलेल्या माणसाला मागून हाक मारायची मला सवय नाही.

माप घेतलं गेलं ते मनोहरभाऊंच्या खिशाचं. आता भाऊ आपले सदरे खास शिवून घेतात. त्यांच्या एका खिशात चष्म्याचं घर, सुपारीचा डबा, टॉर्च आणि पावतीपुस्तक एवढं राहतं. पहिला नमुना तयार झाला तो साबणाच्या डबीएवढा.

सर म्हणाले, "खिशात तर बरोबर बसतंय."

वच्छलाबाई म्हणाल्या, "बसते ना. पण मंग प्रत्येक यंत्रासंगं आमचे भाऊ पण द्या लागतील."

*

दुसरा नमुना लहान झाला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. मध्ये गोल भोक, दोन्ही बाजूंना बोटं घालायला कड्या, आणि आत समोरासमोर सरकणारी पोलादी पाती. भोकात सिगारचं टोक घालायचं, कड्या दाबायच्या, टोक कापलं जातं. दिसायला छानच होतं, खोटं कशाला बोलू?

सरांनी सांगितलं की पाती नीट चालतात का हे पाहायला प्रत्येक नगाची शंभर वेळा उघडझाप करायची. त्यांनी करून दाखवलं. टक, टक, टक, टक.

आमच्या सहाही जणींचे हात थांबले.

आमच्याकडे रिकामी कैची वाजवत नाहीत. घरात भांडण लागतं. लहानपणी मी एकदा वाजवली होती तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. कैची हातातून हातातही देत नाहीत. देणाऱ्यानं खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. वच्छलाबाई तर या बाबतीत इतक्या कडक की सुईसुद्धा कोणाच्या हातात देत नाहीत. तीस वर्षांत त्यांनी दिलेली मी पाहिली नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, रिकामी वाजवू नये जी."

"आजी, ही कैची नाही. कटर आहे."

"दोन पाती हायेत ना?"

"आहेत."

"एकमेकांवर येतात ना?"

"येतात."

"मंग झालं."

सरांनी पुष्कळ समजावलं. विज्ञान सांगितलं. शेवटी त्यांनी मनोहरभाऊंना म्हटलं की तुम्ही मालक आहात, तुम्ही सांगा यांना. भाऊंनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, माह्याही घरी बायको हाय."

मग तोड मीच काढली. रिकामी नाही ना वाजवायची? मग प्रत्येक वेळी काहीतरी कापू. सरांकडे खऱ्या सिगार तीनच होत्या, त्या त्यांनी लाकडी पेटीत जपून ठेवल्या होत्या. बाजारात मुळे भरपूर आलेले होते. जाडीही बरोबर जुळली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरून मुळे आणायला लागलो. सहा बायका दिवसभर मुळे कापत बसल्या होत्या आणि सर वहीत काहीतरी इंग्रजीत लिहीत होते.

*

मुळा कापला जायचा, पण सिगार काही कापली जाईना.

पहिली सिगार घातली, कड्या दाबल्या, आणि तिचं तोंड चेंगरून फुटलं. तंबाखू टेबलावर सांडली. सरांचा चेहरा उतरला. दुसरी काढायला गेले तर ती वाळून तडकलेली. पेटी भट्टीच्या बाजूच्या खिडकीत राहिली होती.

मला राहवलं नाही. पानाची वस्तू पंचवीस वर्षं हाताळलेली बाई आहे मी. तडकलेली सिगार ओल्या फडक्यात गुंडाळून मी रात्रभर माठाजवळ ठेवली. तेंदूचं पान वळायच्या आधी आम्ही असंच नरम करतो. सकाळी ती हाताला मऊ लागत होती. मग मी पिशवीतून माझी कैची काढली आणि तिचं टोक अलगद कापलं. पानाची एक शीरसुद्धा उसवली नाही.

सर खुर्चीतून उठले. "कुंदाताई, ही कैची दाखवा."

ही कैची माझ्या आईची. अड्याळला आई बिड्या वळायची. मी दहावीपर्यंत शिकले ती या कैचीवर. लग्नात तिनं मला दिली आणि मग पंचवीस वर्षं मी चालवली. दोन बायकांच्या हातून एवढी पानं कापली गेली की पाती मधे पोटाशी झिजून खोलगट झाली आहेत. दाबलं की पान त्या खोलात धरलं जातं, सरकत नाही, चेंगरत नाही. नवीन कैचीला हे येत नाही. एक आयुष्य झिजवलं तर येतं, आणि इथे दोन झिजली होती.

सरांनी हात पुढे केला. मी कैची टेबलावर ठेवली.

"रागावलात का?" ते हसून म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, "रागावायला नको म्हणूनच खाली ठेवली."

त्यांनी कागदावर तिची रेघ काढली, फोटो घेतले. मग म्हणाले की पात्यांचं नेमकं माप पुण्यात मशीनवर घ्यावं लागेल, दोन दिवसांत परत आणून देतो. मी हो म्हटलं. कामाचा प्रश्न होता, सहा जणींच्या पोटाचा होता. कैची त्यांनी आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिशात अगदी बरोबर बसली.

*

तिसऱ्या नमुन्याची पाती मधे खोलगट होती. सिगार पहिल्या दाबात कापली गेली. भाऊंनी पेढे वाटले. बारा नग बारा डब्यांत घालून मुंबईला पाठवले.

आठवड्यानं सरांचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला. मुंबईच्या साहेबांनी डबी उघडून नाकाशी धरली होती, आणि त्यांना मुळ्याचा वास आला होता. एका नगात तर मुळ्याची चकती अडकलेली सापडली. सर म्हणाले, किती अस्वच्छ काम आहे हे, मला मान खाली घालावी लागली.

अस्वच्छ! बारा नग आम्ही चिंचेनं घासले होते, कोमट पाण्यानं धुतले होते, फडक्यानं कोरडे केले होते. दिवसातून चार वेळा हात धुणाऱ्या बायका आम्ही. आणि तंबाखूच्या वस्तूला मुळ्याचा वास आला म्हणून ती बाटली? ओढून झाल्यावर त्या साहेबाच्या तोंडाला जो वास येत असेल त्याची चौकशी कोणी केली का? मला हे सगळं बोलायचं होतं. मी एवढंच विचारलं, "सर, माझी कैची?"

"हो हो, माझ्या टेबलावरच आहे. येताना आणतो."

फोन ठेवल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "त्याले विचारा, काकडी चालते का?"

*

मग कैचीची विचारपूस हाच माझा एक उद्योग झाला. पंधरा दिवसांनी विचारलं तर ती मशीनवर होती. महिन्यानं विचारलं तर सर गावाला गेले होते. पुढे विचारलं तर ती "सुरक्षित" होती. हा शब्द ऐकल्यापासून मला धास्तीच लागली. घरात असलेल्या वस्तूला कोणी सुरक्षित म्हणतं का?

घरी मुलगा म्हणाला, आई, दुकानातून दुसरी घे. त्या दिवशी कोथिंबीर मी हातानं तोडली आणि भाजी जरा तिखट झाली.

एके दिवशी आमच्या कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांनीच एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये ते भाषण देत होते. मागे पडद्यावर आमचं कटर, आणि बाजूला काचेच्या पेटीत, खाली मखमल घातलेली, माझ्या आईची कैची. पेटीसमोर पाटी होती. भाऊंनी ती बोटांनी मोठी करून वाचून दाखवली. 'विदर्भातील एका खेड्यात सापडलेले हत्यार. कारागीर अज्ञात.'

सापडलेले? मी टेबलावर ठेवलं होतं!

आणि अज्ञात कोण? त्यांच्या मोबाईलमध्ये माझं नाव होतं. कुंदाताई भंडारा असं. अलीकडे आठवड्यातून दोनदा त्या अज्ञात कारागिराचा फोन त्यांना जात होता, आणि तो ते उचलत नव्हते!

मी स्टुलावर बसून राहिले. वच्छलाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलं हाय? मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग त्या आपल्या जागेवर जाऊन कामाला लागल्या.

*

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंबईचे दोन साहेब कारखाना बघायला आले. मुळ्याचा वास नसलेले नवे नग पाठवल्यावर ऑर्डर पक्की झाली होती. सरही सोबत होते. भाऊंनी नवीन पंखा लावला, आम्हाला धुतलेली लुगडी नेसून यायला सांगितलं.

मी घरून एक वाक्य पाठ करून आले होते. सर आत आले तसं मी पुढे होऊन म्हटलं, "सर, ती कैची माझ्या आईची आहे, ती आणली का?"

सर पाहुण्यांकडे पाहून हसले. "कुंदाताई, ती आता फेमस झाली आहे. ती तिथेच शोभते. तुम्हाला मी नवीन घेऊन देतो, एकदम स्टीलची."

पाहुणेही हसले. माझं पाठ केलेलं वाक्य संपलेलं होतं. दुसरं मी केलेलं नव्हतं.

मग सरांनी पाहुण्यांना मुळ्याची गोष्ट सांगितली. आता ती त्यांना गमतीची झाली होती. इथल्या बायका किती भोळ्या आहेत, रिकामं कटर वाजवलं तर घरात भांडण होतं असं मानतात, हातातून हातातही देत नाहीत. पाहुण्यांना फार मजा वाटली. एकानं विचारलं, खरंच नाही देत?

"बघा ना," सर म्हणाले, आणि वच्छलाबाईंसमोर हात पसरला. "आजी, द्या बरं कटर."

वच्छलाबाई स्टुलावरून उठल्या. समोरच्या रांगेतला एक नग त्यांनी निवडला, पदरानं पुसला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता टेबलावर ठेवतील.

त्यांनी सरांचं मनगट धरलं. तळहात उघडला. कटर त्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं एकेक करून कड्यांत घातली, आणि वरून आपला हात ठेवून दाबलं. रिकामं. टक. मग पुन्हा. टक. मग तिसऱ्यांदा.

मनोहरभाऊ हळूच दाराबाहेर गेले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "बघा, आजी सुधारल्या!"

वच्छलाबाई म्हणाल्या, "होय जी. घरी वहिनीले नमस्कार सांगजा."

*

तीन आठवड्यांनी पुण्याहून कुरिअर आलं. खोक्यावर माझं पूर्ण नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. पुढे कंसात 'कारागीर' असं लिहिलं होतं. भाऊंनी ते स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

मी उघडलं. आत कापूस, कापसात मखमलीचं फडकं, आणि फडक्यात आईची कैची. चिठ्ठी नव्हती. पात्यांना पांढऱ्या दोऱ्याचे आठ-दहा वेढे घट्ट गुंडाळले होते.

मी दोरा सोडवला. दोन्ही पात्यांच्या मध्ये, वाळून कागद झालेली, मुळ्याची एक चकती होती.